शिकार पदकाची

दोन खांबांमध्ये, डोक्यापेक्षा बऱ्याच उंचावर दोरी ताणलेली असते. गळ्यात मण्यांच्या माळा घातलेला तरुण तिच्याखाली येऊन उभा राहतो. धावत यायचं नाही. उभ्या जागी उसळी घ्यायची आणि डोकं दोरीला लावायचं. जमलं, की दोरी आणखी वर जाते.

ही ‘मसाई ऑलिम्पिक्स’मधली उंच उडी. केनियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी, किमाना भागात २०१२पासून हे सामने भरतात. मसाई जमातीतला याच वयाचा तरुण पूर्वी आपलं शौर्य सिद्ध करायला भाला घेऊन सिंहामागे जाई. ‘ओलामायो’ या शिकारीतून त्याला नाव मिळे, मान मिळे. पण सिंह कमी होत गेले. २०२१च्या राष्ट्रीय गणनेत अख्ख्या केनियात २,५८९ सिंह भरले.

बदलाची हाक समाजातूनच आली, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. तरुण योद्ध्यांना घडवणाऱ्या वडीलधाऱ्यांनीच २००८मध्ये संवर्धनाचं काम करणाऱ्यांकडे मदत मागितली. त्यातून ‘बिग लाइफ फाउंडेशन’ या संवर्धन संस्थेच्या साथीने हे सामने उभे राहिले. धावण्याच्या शर्यती, भालाफेक आणि ‘रुंगू’ म्हणजे लाकडी सोटा नेमका निशाण्यावर फेकणं, हे सारे खेळ योद्ध्याच्या अंगच्या कौशल्यांतलेच. मुलींच्याही शर्यती असतात. पाठीराखा लाभला तो डेव्हिड रुडिशा. लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम करणारा हा वीर स्वतः मसाई.

विजेत्या संघाला मिळतो जातिवंत वळू. कुस्तीच्या गदेचं आणि खिल्लार जोडीचं मोल जाणणाऱ्या मराठी माणसाला या बक्षिसाचा अर्थ समजावून सांगायला नको.

खेळातून वन्यजीवांना मदत करण्याच्या वाटा अनेक आहेत. केनियातच लेवा अभयारण्यात २०००पासून मॅरेथॉन होते. गेंडे आणि सिंह राहतात त्याच माळावर धावपटू धावतात. वर हेलिकॉप्टर, खाली सशस्त्र पहारा. जमलेला निधी संवर्धनाला जातो, तसाच शाळांना आणि दवाखान्यांनाही. आपल्या रोहित शर्माने २०२१च्या आयपीएलमध्ये एकशिंगी गेंड्याचं चित्र रंगवलेले बूट घातले, तेव्हा लाखोंचं लक्ष त्या जनावराकडे वळलं. लेव्यात पैसा जमतो, रोहितच्या बुटांनी लक्ष वेधलं. किमानात मात्र खेळ थेट शिकारीची जागा घेतो.

तरीही एकटं पदक पुरत नाही. सिंह मारला जातो तो नावासाठी, तसाच गाय गेल्याच्या संतापानेही. म्हणून याच परिसरातल्या म्बिरिकानीत २००३पासून भरपाई निधी चालतो. सिंहाने जनावर मारलं, की पाहणी होते आणि किमतीचा काही भाग मिळतो. राखणीत हयगय झाली असेल, तर रक्कम घटते. कुणी सिंह मारला, तर दंड होतो आणि त्या टापूची भरपाई थांबते. त्यामुळे शेजारीच शेजाऱ्याचा हात धरतो.

सामने साधारण दोन वर्षांनी येतात. गाय कोणत्याही रात्री जाते. प्रायोजकाला मैदानावरचा झेंडा दिसतो. भरपाईचे कागद आणि वनरक्षकाचा पगार कुणाच्या छायाचित्रात येत नाहीत. निधी देणाऱ्यांनी हात सैल सोडावा तो इथे, आणि वर्षानुवर्षं. जिंकून आणलेल्या वळूची वासरं उद्या त्याच माळावर चरतील, आणि सिंहही तिथेच असेल. एखाद्या रात्री त्यांतलं एक वासरू गेलं, तरी मालकाने भाला उचलू नये, एवढं बळ त्या पैशाने त्याला द्यायचं आहे.