भूल देणारे हात

सुरतेस उधन्याच्या बाजूला नवागाम-दिंडोलीची जी दाट वस्ती आहे, तिच्या गल्ल्यांतून गुजरातीबरोबर अहिराणीही सहज कानी पडते. कारण कापडधंद्यातील रोजगारासाठी ताप्ती लाइनने आलेली खानदेशी कुटुंबे तेथे पिढ्यानुपिढ्या नांदत आहेत. येथील एखादी बाळंतीण अपरात्री अडली, तर मजुरा गेटचे सरकारी सिव्हिल इस्पितळ रिक्षाच्या टप्प्यात आहे; पण तिचीच सख्खी बहीण सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात दिली असेल, तर तिचे प्राण बहुधा एकाच प्रश्नावर अडून राहतात, आणि तो म्हणजे जवळच्या रुग्णालयात भूल देणारे कोणी आहे काय.

ही उणीव जाणून केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांत जीवरक्षक भूलविद्या, आणि त्यांच्या सोबत्यांना 'फॉग्सी' या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाच्या साहाय्याने १६ आठवड्यांत सिझरसह तातडीची प्रसूतिसेवा शिकविण्याचा उपक्रम हाती घेतला. इतक्या अल्प मुदतीत विशेषज्ञ घडत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु येथे विशेषज्ञ नव्हे, ठरावीक संकटांत न डगमगणारा हात घडवायचा असतो. मणक्यात औषध जाताच रक्तदाब उतरतो, म्हणून शिरेतून द्रव चालू ठेवून, उजव्या कुशीखाली उशी सारून बाईस डावीकडे कलती ठेवावी, म्हणजे गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या शिरेवर पडत नाही. अतिरक्तस्रावाने खचलेल्या बाईस मणक्यातील भूल घातक ठरू शकते, तेव्हा केटामिनचा आश्रय करावा. आणि भूल वर चढून श्वास मंदावला, तर मुखवटा व फुगा घेऊन तिचा श्वास आपल्या हाताने चालवावा. हे ग्रंथ वाचून साधत नाही. गुरूच्या नजरेखाली पुनःपुन्हा करूनच ते अंगवळणी पडते.

याच सुरतेत डॉ. रखमाबाईंनी १८९५ पासून दीर्घकाळ स्त्रियांच्या इस्पितळाचा कारभार वाहिला, तेव्हा बाळंतपणास इस्पितळात येण्यास बायका धजत नसत. आज त्या येतात. गुजरातेत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २००४-०६ मध्ये १६० होते, ते २०१८-२० मध्ये ५७ वर आले. त्याचे श्रेय अनेकांचे आहे. परंतु विश्वासाने दारी आलेल्या बाईस भूल देणाऱ्याअभावी पुढच्या गावी धाडावे लागणे मला अक्षम्य वाटते.

भूल देणारा एका तालुक्यात आणि शस्त्रक्रिया करणारा दुसऱ्या तालुक्यात नेमला गेला, तर दोघांचेही शिक्षण वाया जाते. म्हणून आरोग्य खात्यास माझी विनंती आहे : या दोघांची नेमणूक एकाच हुकमाने, एकाच रुग्णालयात, आणि रक्तसाठा असेल तेथेच करावी.