देवराईतला तास

कॉलेजात पर्यावरण हा विषय सक्तीचा आहे. पास होण्यापुरता वाचायचा, असं मुलींनी आधीच ठरवलेलं असतं. (मीच शिकवते, म्हणून माहीत!) त्यामुळे मी सुरुवात पुस्तकाने नाही, देवराईने करते.

1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून अभ्यासल्या. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची राई तेव्हा तोडली जाणार होती. गावकऱ्यांनी या दोघांकडे मदत मागितली. कारण राईतला झरा हेच गावाचं पाणी. तोड थांबली. आता सांगा बरं, झरा आटला असता तर हंडा घेऊन लांब कोण गेलं असतं?

राईतलं पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, अशी जुनी रीत. ते तिथंच कुजतं, त्यावर बुरशी, किडे पोसतात. पाचोळा पावसाचं पाणी धरतो. हल्ली जीर्णोद्धार म्हणून झाडं पाडून सिमेंटचं देऊळ नि फरशी होते. देव राहतो, राई जाते.

2002च्या जैवविविधता कायद्यामुळे गावोगावी समिती आणि नोंदवही आली. त्या नोंदवहीसाठी मी मुलींना आजीकडे पाठवते. एकीच्या आजीने टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं... धडाधड नावं सांगितली. शास्त्रीय नावं शोधताना माझीच दमछाक!

तुमच्या ग्रामपंचायतीत ही वही मागून बघा. शेवळं कुठे उगवतात हे त्यात नसेल, तर सासूबाईंना विचारून लिहायला लावा.