मुंबई-कराची : हवाई अंतराचा हिशेब

दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर त्यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट. मुंबई आणि कराचीच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन मी हा हिशेब मांडला, तेव्हा अंतर आले सुमारे ८७५ किलोमीटर. मुंबईहून दिल्ली याहून लांब, जवळपास ११४० किलोमीटर आहे. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने उडते. चढण्या-उतरण्याचा वेळ धरला, तरी कराची मुंबईपासून दीड तासावर असायला हवी.

ती एके काळी याहून जवळची होती, मनाने आणि कारभारानेही. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. नोकरीधंद्यासाठी तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांची तिथे वस्ती होती. सिंधमध्ये शिक्षणाधिकारी असलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा कराचीत आजही आहे.

भारतीय टपाल विमानसेवेचा आरंभही याच वाटेवर झाला. लंडनहून येणारे हवाई टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत पोचत होते. ते पुढे नेण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाचे ‘पस मॉथ’ विमान कराचीहून उडवले. अहमदाबादला उतरून इंधन भरले आणि दुपारी ते जुहूला पोचले. अहमदाबादमार्गे ही वाट सुमारे १०३५ किलोमीटरची होते. ताशी १६० किलोमीटर वेगाने साडेसहा तास. थांबा धरून सात.

आता आजचा हिशेब पाहू. या दोन शहरांमध्ये थेट विमान नाही. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपले आकाशही बंद केले. प्रवाशाने दुबईचा मार्ग धरला, तर मुंबई-दुबई सुमारे १९३०, दुबई-कराची सुमारे ११९० असे मिळून ३१२० किलोमीटर होतात. म्हणजे सरळ वाटेच्या साडेतीनपट. हवेतले पाच तास आणि मधला दोन-तीन तासांचा थांबा मिळून सात-आठ तास लागतात.

म्हणजे वेग पाचपट वाढूनही वेळ १९३२ च्याच आसपास राहिला. यंत्राने वाचवलेले सारे तास सीमेने परत घेतले. शिवाय हा हिशेब व्हिसा हाती पडल्यानंतरचा. त्यासाठीची वाट पाहणे कुठल्याही वेळापत्रकात बसत नाही.

या उड्डाणाच्या पन्नाशीला, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी टाटांनी तसेच जुन्या घडणीचे छोटे विमान कराचीहून मुंबईला एकट्याने आणले. फाळणीला तेव्हा ३५ वर्षे झाली होती, दोन्ही देशांत युद्धेही होऊन गेली होती. तरी त्या दिवशी ती वाट उघडली. विमानाला तेवढेच लागते. ८७५ किलोमीटर त्याला कधीच जड नव्हते.