देवाच्या काठीला आवाज नसतो, कोर्टाला तारखा असतात

नवी मुंबईची मेट्रो बेलापूरहून निघते आणि खारघरमधून जात पेंधरला थांबते. याच खारघरात १५ जानेवारी २०२५ रोजी इस्कॉनच्या संगमरवरी मंदिराचं उद्घाटन पंतप्रधानांनी केलं, आणि तळोजा मध्यवर्ती कारागृहही इथलंच. ‘देव बघतोय’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येत असणार. तुरुंगात ते जास्त कळवळून निघत असेल.

खोट्या आळाच्या गोष्टी आपल्याला कीर्तनातून मिळाल्या. जनाबाईवर विठ्ठलाच्या पदकाच्या चोरीचा आळ आला, तर सुळाचं पाणी झालं. चोखोबांवर रत्नहाराचा आळ आला, त्यांना बैलांना जुंपलं, पण बैल जागचे हलेनात. दामाजीपंतांचं प्रकरण वेगळं. दुष्काळात बादशहाची कोठारं त्यांनी खरोखरच उघडली होती. देव तिथं निर्दोष ठरवायला नव्हे, पैसे भरायला आला. (मला तो देव जास्त आवडतो.)

कीर्तनकार बुवा गोष्ट नेमकी चमत्कारापाशीच आवरती घेतात. बैलांपासून वाचलेले चोखोबा पुढं मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंतीखाली गाडले गेले; साल १३३८ मानतात. समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, म्हणजे देवळाबाहेरच. त्यांच्या जातभाईंना आत पाऊल टाकायला १९४७ चा मे महिना उजाडला, तोही साने गुरुजींनी प्राण पणाला लावल्यावर. गुरुजींची श्रद्धा काही कमी नव्हती, पण दार आपोआप उघडेल म्हणून ते बसून राहिले नाहीत.

त्याच तळोजा तुरुंगात फादर स्टॅन स्वामी आले तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि वर्षानुवर्षं सुनावणीविना कोंडलेल्या तरुणांसाठी झटणारे हे जेझुइट पाद्री. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात एनआयएनं त्यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत अटक केली. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप त्यांनी साफ नाकारला. भीमा कोरेगावला आपण कधी गेलोच नाही, असं सांगितलं. पार्किन्सनमुळं पेला हातात ठरेना, म्हणून पाणी पिण्याच्या नळीसाठी कोर्टात अर्ज करावा लागला. बराकीतले सोबती कुणी भरवायचे, कुणी आंघोळ घालायचे. गरीब कैद्यांच्या दुःखात आणि हसण्यात आपल्याला देव दिसतो, असं त्यांनी तिथून कळवलं होतं. म्हणून ते गप्प बसले असं मात्र नाही. जामीन मागत राहिले. २१ मे २०२१ रोजी व्हिडिओवरून उच्च न्यायालयाला सांगितलं की दवाखाना नको, माझ्या माणसांत जाऊ द्या. अखेर वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं, आणि ५ जुलैला ते गेले. खटला सुरूही झाला नव्हता.

खटला चालून शिक्षा झाली तरी गोष्ट संपतेच असं नाही. मुंबईतल्या ७/११ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयानं २१ जुलै २०२५ रोजी शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यांतला एक कोरोनानं तुरुंगातच वारला होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. आणि स्फोटांत गेलेल्या १८९ जणांच्या घरच्यांनी आता कुणाच्या नावानं बोटं मोडायची? यावर कुठल्याच कीर्तनात आख्यान नाही.

स्टॅन स्वामींच्या पश्चात सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे माजी प्राचार्य, त्यांच्याच जेझुइट संघातले फादर फ्रेझर मस्करेन्हास, उच्च न्यायालयात गेले. वरच्या निवाड्याबद्दल या माणसाला शंका असण्याचं कारण नव्हतं. मागणी इथल्या कागदांबद्दल होती : जामीन नाकारताना विशेष न्यायालयानं फादरांवर प्रथमदर्शनी ठेवलेला ठपका पुसावा आणि त्यांचं नाव स्वच्छ करावं.