काळ्या घडांचा पांढरा रस

सप्टेंबरची सकाळ. फ्रान्सच्या शँपेन प्रांतातलं बूझी गाव. उतारावरच्या बागेत मी गुडघे टेकून बसलोय, कारण उभ्यानं इथं घड हाताला लागत नाही. निफाडला आमचे घड मांडवातून डोक्यावर लोंबतात. इथली वेल जेमतेम छातीएवढी आणि घड गुडघ्याशी. पातळ मातीखाली सगळा खडू. त्याचे पांढरे तुकडे पँटला घासतात.

ओळीच्या पलीकडून मालकीणबाईंची कात्री चालू आहे. एक ओळ, दोन बाजूंनी दोन माणसं. तोडणी हातानंच, यंत्राला कायद्यानं मनाई. पिनो न्वारचा मणी मी चिमटीत फोडतो. साल काळीभोर, रस मात्र पांढरा. मणी वाटेत फुटला तर सालीचा रंग रसात उतरेल, म्हणून क्रेट भरतानाही त्या घड अलगद ठेवतात.

"तुमच्याकडे वर्षात दोन छाटण्या?" मी एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी सांगतो. त्यांची छाटणी एकच, हिवाळ्यात, पानं गळून वेल निजलेली असताना.

"मग तुमची वेल झोपते कधी?"

"झोपतच नाही."

त्यांची कात्री थांबते. मग त्या समोरच्या जुन्या खोडावर हात ठेवतात, गोठ्यातल्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मला आमची बाग आठवते, आणि पुढचे दोन-तीन घड मी काही न बोलता तोडतो.

दुपारी घराच्याच तळमजल्यावर गोल लाकडी दाबयंत्र भरलं जातं. एका भरणीला 4,000 किलो. त्यातून रस घ्यायचा फक्त 2,550 लिटर. त्यातला पहिला 2,050 लिटर सर्वांत मोलाचा. दोन दाबांमध्ये पोरं आत उतरून काट्यांनी कडेचा चोथा मध्ये ओढतात. बाईंचे वडील हौदापाशी उभे आहेत, नजर पातळीच्या खुणेवर. त्यांच्या वडिलांपर्यंत हे घर घड मोठ्या कंपन्यांना विकायचं. आता बाटलीवर 'आर. एम.' अशी दोन बारीक अक्षरं असतात: बाग आमची, वाइनही आमचीच.

ते पेला धारेखाली धरून माझ्या हातात देतात. फिकट रस, किंचित गुलाबी झाक. गोड आहे, पण मागून दात आंबवणारा आंबटपणा येतो. आमचा व्यापारी म्हणाला असता, अजून गोडी उतरली नाही. इथं नेमका हाच आंबटपणा हवा असतो. याची वाइन होईल, बाटलीत यीस्ट आणि साखर घालून ती पुन्हा आंबवली जाईल आणि निदान 15 महिने तळघरात राहील. तोवर बाटलीत साठलेला दाब असेल सुमारे 6 वातावरणांचा. काच जाड लागते ती त्यासाठीच.

रस खुणेला टेकतो. म्हातारबाबा हात वर करतात. मुलगी नळी काढून शेजारच्या छोट्या हौदात सोडते. बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबतो, आणि पोरं क्रेट उतरवायला धावतात.