नाव आहे, पण खोली नाही!

कॉम्प्युटरमधली रिकामी फाईल किती जागा घेते, सांगा पाहू? मला वाटायचं, फाईल केली की तिला जागा मिळालीच. पण श्रावणात माझी फजिती झाली, तेव्हा खरं काय ते कळलं.

माझ्या आज्जीला पंचमीची पुष्कळ गाणी येतात. ती लिहून ठेवावीत म्हणून मी आज्जीला शाळेत घेऊन आले. पेनड्राइव्हवर ‘पंचमीची गाणी’ नावाची नवी फाईल केली. आज्जी सांगत होती, मी टाइप करत होते. तासाभरानं लाईट गेली! परत आली तेव्हा फाईलचं नाव जागच्या जागी होतं, पण आत एक अक्षर नाही. साईझ ० बाइट, डिस्कवरची जागाही ० बाइट. मला रडूच आलं.

गुरुजी म्हणाले, “अगं, आपलं कोल्हापूर बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं. आता असं समज, पेनड्राइव्ह हे एक बोर्डिंग आहे. दारात रजिस्टर आणि आत सारख्या मापाच्या खोल्या. तू फाईल केलीस, तेव्हा रजिस्टरात नाव लागलं. खोली मिळते ती सामान आल्यावर. तू सेव्ह केलंच नाहीस, म्हणजे सामान आलंच नाही.”

माझी गाणी तोवर कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणात, म्हणजे रॅममध्ये होती. वीज गेली की रॅम कोरी होते.

मग नाव कुठं राहतं? रजिस्टरात. त्यातली एक ओळ ३२ बाइटची. माझ्या मराठी नावाला ३ ओळी, म्हणजे ९६ बाइट लागले. पण ही जागा रजिस्टराची, म्हणून ती फाईलच्या नावावर धरत नाहीत.

आम्ही दुसऱ्या फाईलमध्ये नुसता ‘क’ लिहून सेव्ह केला. साईझ ३ बाइट, पण डिस्कवरची जागा ४०९६ बाइट! एक ट्रंक आणली तरी अख्खी खोली द्यावी लागते, तसंच हे. अशी १३६५ अक्षरं एका खोलीत मावतात. मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची बरं का! १३६६ व्या अक्षराला दुसरी खोली.

या पद्धतीला ‘फॅट’ म्हणतात. ती १९७७ साली निघाली. आमच्या पेनड्राइव्हवरची फॅट३२ ही १९९६ सालची. लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ पद्धतीत रिकाम्या फाईललाही ‘आयनोड’ नावाचं एक कार्ड मिळतं. ही कार्डं ठरावीक असतात. ती संपली, तर खोल्या मोकळ्या असूनही नवी फाईल करता येत नाही.

आज्जीनं दुसऱ्या दिवशी गाणी पुन्हा सांगितली. दोन मात्र तिला काही केल्या आठवली नाहीत. म्हणून सांगते, दर चार ओळींनी सेव्ह करा. आणि फाईलचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, साईझ बघा!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी