बहात्तर तासांची वाट

बलात्कारानंतर एचआयव्हीची लागण रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळणाऱ्या गोळीला थोडी अधिक सवड असते, १२० तासांची. ही औषधे दुर्मीळ नाहीत. २८ दिवस घ्यायच्या गोळ्या, ती गर्भनिरोधक गोळी, गुप्तरोगांवरची प्रतिजैविके, सगळे मिळून एका लहानशा खोक्यात मावते. तरीही काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व भागातल्या हजारो बायकांपर्यंत हे खोके मुदतीत पोचलेले नाही. पहिली रात्र जंगलात लपण्यात जाते. दुसरा दिवस नवऱ्याला सांगावे की नाही या घालमेलीत. मग पायी आरोग्यकेंद्र गाठावे, तर तिथली परिचारिका म्हणते, संच संपले, पुढच्या केंद्रात जा. पुढच्या केंद्राच्या वाटेवर नाका असतो, आणि नाक्यावर बंदूकधारी.

या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याचा कारभार वेगळ्याच कोणाच्या तरी हाती असतो. औषध एका संस्थेचे, रस्त्याची सुरक्षा शांतिसेनेची, वैद्यकीय दाखला सरकारी डॉक्टरचा, वकील दुसऱ्याच संस्थेचा. या सगळ्यांना एका दोरीत ओवण्याच्या कामाला ‘समन्वय’ म्हणतात. आपल्याकडे परिपत्रकांनी आणि समित्यांनी हा शब्द इतका गुळगुळीत केला आहे की तो ऐकला की चहा-बिस्किटांची बैठक डोळ्यांपुढे येते. काँगोत मात्र या शब्दाला दोन रोखठोक मापे आहेत. बाईला किती चालावे लागले, हे एक. आणि आपली हकीकत तिला किती अनोळखी माणसांपुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागली, हे दुसरे.

उत्तर आणि दक्षिण किवू हे दोन प्रांत मिळून महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठा मुलूख होतो. १९९६ मध्ये पहिले युद्ध पेटले, १९९८ मध्ये दुसरे. पुढे शांततेचे करार झाले, पण पूर्वेकडे बंदुका कधी खाली ठेवल्या गेल्या नाहीत. गट फुटत गेले, नावे बदलत गेली. १९९६ च्या ऑक्टोबरात लेमेरा गावच्या रुग्णालयावर हल्ला होऊन खाटांवरचे रुग्ण आणि कर्मचारी मारले गेले. तिथले प्रमुख डॉक्टर देनी मुकवेगे त्या वेळी बाहेर होते म्हणून वाचले. त्यांनी १९९९ मध्ये बुकावू शहरात पान्झी रुग्णालय उभे केले. हेतू साधा होता, बाळंतपणात बायका मरू नयेत. पण पहिली रुग्ण बाळंतीण नव्हती, बलात्कार करून गोळ्या घातलेली बाई होती, असे मुकवेगे सांगत आले आहेत. २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना नादिया मुराद यांच्यासह मिळाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पान्झीने घालून दिलेली पद्धत मात्र तितकीशी ठाऊक नाही. शस्त्रक्रिया, मनाचा आधार, वकील आणि पोट भरण्याचे साधन या चार गोष्टी तिथे एकाच आवारात आल्या. बाईने दारोदार फिरण्याऐवजी दारेच तिच्यापाशी आणायची, इतकी ही कल्पना सरळ आहे.

एक रुग्णालय सव्वा लाख चौरस किलोमीटरला पुरत नाही. तिथून पुढे संयुक्त राष्ट्रांची यंत्रणा सुरू होते.

तिचा कागदी इतिहास थोडक्यात सांगता येतो. सुरक्षा परिषदेने २००० मध्ये १३२५ क्रमांकाचा ठराव करून युद्ध आणि शांतता या दोन्हींत स्त्रियांचा वाटा मान्य केला. २००८ च्या ठराव १८२० ने लैंगिक हिंसा हे युद्धाचे हत्यार असू शकते असे म्हटले. २००९ च्या १८८८ ने या कामासाठी सरचिटणीसांचा विशेष प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. २००५ पासून आपत्तीतल्या मदतीची विषयवार वाटणी झाली होती आणि लिंगाधारित हिंसेचा विषय लोकसंख्या निधीकडे आला होता. काँगोसाठी २००९ मध्ये जे सर्वंकष धोरण ठरले त्यात पाच शाखा होत्या: गुन्हेगारांना शिक्षा, प्रतिबंध व संरक्षण, सैन्य-पोलिसांची सुधारणा, पीडितांची सेवा, आणि माहिती. प्रत्येक शाखेला वेगळी पालक संस्था मिळाली. कागदावर ही रचना देखणी होती. पण बैठका गोमा आणि किन्शासा इथे, फ्रेंचमध्ये होत. आणि ज्या खेडुत बायकांच्या मंडळांकडे पीडिता सर्वांत आधी येत, त्यांचा व्यवहार स्वाहिलीत किंवा त्याहून लहान बोलींत चाले. घोडे पेंड खायचे ते इथेच.

भाषेचा हा मुद्दा किरकोळ वाटेल. तो किती महाग पडू शकतो ते २०१० च्या पावसाळ्यात दिसले, आणि त्या घटनेशी आपला, म्हणजे भारताचा, थेट संबंध आहे. ३० जुलै ते २ ऑगस्ट या चार दिवसांत उत्तर किवूतल्या वालिकाले भागात, लुवुंगी आणि आसपासच्या तेरा गावांत, सशस्त्र टोळ्यांनी किमान ३८७ जणांवर बलात्कार केले. राष्ट्रसंघाच्या चौकशीत ३०० स्त्रिया, ५५ मुली, २३ पुरुष आणि ९ मुलगे अशी नोंद आहे. शांतिसेनेचा तळ तिथून तीसेक किलोमीटरवर किबुआला होता. उत्तर किवूची जबाबदारी तेव्हा भारतीय तुकड्यांकडे होती आणि हा तळही भारतीय जवानांचा होता. त्या दिवसांत तळावरची एक गस्त त्याच रस्त्याने गेली. गावकऱ्यांनी बलात्काराचा शब्द तिच्याकडे काढला नाही, असे राष्ट्रसंघाचे म्हणणे. गावात फोन लागत नव्हता, तळावर स्थानिक भाषा जाणणारा दुभाषा नव्हता, आणि गणवेशातल्या परक्या पुरुषापुढे ही गोष्ट कोणती बाई आपणहून बोलेल? चौकशीसाठी ज्यांना पाठवले ते अतुल खरे हेही भारतीयच. आपली कृती पुरेशी नव्हती, हे त्यांनी सप्टेंबरात सुरक्षा परिषदेपुढे कबूल केले.

आपल्या जवानांवर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण काही डझन माणसांच्या तळाने शेकडो चौरस किलोमीटरचे जंगल कसे राखावे, हा प्रश्न उरतोच. लुवुंगीनंतर ज्या सुधारणा झाल्या त्यांतली सर्वांत उपयोगी ठरली ती अगदी घरगुती होती. तळांवर गावची बोली बोलणारे स्थानिक संपर्क-साहाय्यक नेमले गेले, गावागावांत धोक्याची खबर देणारी माणसे ठरली. ठरावांचे क्रमांक वाढत राहिले. उपयोगी पडला तो दुभाषा. हल्ल्यातल्या टोळीप्रमुखांपैकी एक, शेका, २०१७ मध्ये शरण आला आणि गोमाच्या लष्करी न्यायालयाने त्याला २०२० च्या नोव्हेंबरात जन्मठेप दिली. मधे दहा वर्षे गेली.

लुवुंगीच्या बातम्यांमुळे जगाचे लक्ष वळले, पैसाही आला. आणि पैशाबरोबर एक विकृतीही आली. नायन्के डौमा आणि डोरोथिया हिल्होर्स्ट या डच संशोधकांनी २०१२ च्या त्यांच्या अहवालाच्या शीर्षकातच फ्रेंच शब्दांत विचारले की बलात्कार हा आता धंद्याचे भांडवल झाला आहे का. मदत ‘बलात्कारपीडिता’ या एका शिक्क्यावर मिळू लागली. बाळंतपणात फाटून मूत्राशयाला भोक पडलेल्या बाईला तीच शस्त्रक्रिया हवी असते, मलेरियाने फणफणलेल्या पोरालाही डॉक्टर हवा असतो. पण मोफत उपचाराचे दार एकाच शब्दाने उघडत असेल तर माणसे तो शब्द उच्चारायला शिकतात. यात बायकांना खोटारडे ठरवण्यासारखे काही नाही. खोट आहे ती देणगीदारांच्या रकान्यांत. शिवाय असा शिक्का घेऊन परतणाऱ्या बाईला गावात आणि घरात काय सोसावे लागते, त्याचा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

मोजणीचे दुखणे याहून गुंतागुंतीचे आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका मान्यवर नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने, २००७ च्या घरोघरच्या पाहणीवरून, काँगोतल्या १५ ते ४९ वयाच्या १७ ते १८ लाख स्त्रियांवर आयुष्यात कधी ना कधी बलात्कार झाल्याचा अंदाज काढला. मथळे त्याचेच झाले. त्याच अभ्यासात नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचा अंदाज ३० लाखांच्या वर होता. त्याचा मथळा कुठे फारसा झाला नाही. बंदूकवाला बलात्कारी पकडण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेला घरातला बलात्कारी दिसतच नव्हता.

आणि मोजायचे तरी कशासाठी? सेवा देणाऱ्या संस्थांनी २००६ पासून एक सामाईक नोंदपद्धत घडवली. नाव नाही, गाव नेमके नाही, बाईच्या संमतीवाचून कागद पुढे जायचा नाही. कुठल्या भागात औषधे कमी पडतात एवढे कळावे, हा तिचा हेतू. २०१० च्या ठराव १९६० ने दुसरी मागणी पुढे केली: कोणता गट हे करतो आहे त्याची नावे सांगा, म्हणजे त्यांच्यावर निर्बंध घालता येतील. दोन्ही मागण्या रास्त आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या आड येतात. गुन्हेगाराचे नाव सांगणारी माहिती ती देणाऱ्या बाईचा माग दाखवू शकते. समुपदेशक अनेकदा आपल्या वह्या वरिष्ठांनाही द्यायला तयार नसतात. दिल्या नाहीत म्हणून ‘असहकार’ असा शेरा बसतो. माझ्या मते त्या वह्या न देणाऱ्या बायाच समन्वयाचा खरा अर्थ जाणून असतात.

जमून आलेल्या समन्वयाचे उदाहरण म्हणून मी काव्हुमूकडे बोट दाखवीन. बुकावूचा विमानतळ ज्या गावाजवळ आहे ते हे गाव. २०१३ पासून तिथे रात्री घरात शिरून लहान मुली, काही तर अजून रांगत्या, उचलून नेल्या जात आणि पहाटे शेतात जखमी सापडत. चाळीसच्या आसपास मुली. प्रत्येक मुलगी पान्झीत आली, प्रत्येकीची वेगळी फाइल झाली, आणि प्रत्येक फाइल पोलिसांत वेगळी पडून राहिली. हे एकाच टोळीचे काम आहे हे गाव ओरडून सांगत होते. यंत्रणेला चाळीस सुटे गुन्हे दिसत होते.

काम पुढे सरकले ते डॉक्टर, पोलीस तपासनीस आणि वकील यांना एकत्र बसवून शिकवले गेले तेव्हा. न्यायालयात टिकेल असा वैद्यकीय दाखला कसा लिहायचा हे डॉक्टर शिकले. डॉक्टरच्या दाखल्यातून काय वाचायचे हे तपासनीस शिकले. २०१६ मध्ये सगळी प्रकरणे एकत्र करून मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून लष्करी न्यायव्यवस्थेकडे सोपवली गेली. मुलींच्या मुलाखती बालतज्ज्ञांनी आधीच चित्रित केल्या होत्या, त्यामुळे एवढ्याशा पोरींना आरोपींपुढे उभे करावे लागले नाही. मोठे साक्षीदार पायघोळ झाकून आले, त्यांचे आवाज बदलले. न्यायालयच काव्हुमूला आले. १३ डिसेंबर २०१७ रोजी प्रांतिक विधिमंडळाचा एक विद्यमान सदस्य आणि त्याचे दहा साथीदार यांना जन्मठेप झाली. पुढच्या वर्षी अपिलातही ती कायम राहिली. प्रत्येक मुलीला ५,००० डॉलर भरपाई ठरली. काँगोत अशा भरपाईचे हुकूम बहुधा कागदावरच राहतात, हेही इथेच सांगून टाकतो.

हक्कांची बाजू या सगळ्यापासून वेगळी काढता येत नाही. काँगोच्या १९८७ च्या कुटुंब कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीवाचून कायदेशीर व्यवहार करता येत नसत, दिवाणी न्यायालयात उभे राहणेही त्यात आले. २००६ मध्ये लैंगिक हिंसेविरुद्ध कडक फौजदारी कायदा झाला, तरी परवानगीची अट दहा वर्षे तशीच होती. ती २०१६ च्या दुरुस्तीने गेली. मधल्या काळात बायकांना शिवणयंत्रे आणि शेळ्या वाटल्या गेल्या. यंत्र तिचे, पण करार मात्र नवऱ्याच्या होकारावाचून करता येत नव्हता.

२०२५ च्या जानेवारीअखेर एम२३ या बंडखोर गटाने गोमा घेतले आणि फेब्रुवारीत बुकावू. दक्षिण किवूतून शांतिसेना आदल्याच वर्षी निघून गेली होती. त्याच जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, आणि औषधसंचांचा मोठा भाग त्या मदतीतून येत असे. गोमाचा विमानतळ बंद पडला. जानेवारी-फेब्रुवारीत पूर्व काँगोत नोंदल्या गेलेल्या बलात्कार आणि लैंगिक हिंसेच्या सुमारे १०,००० घटनांपैकी ३५ ते ४५ टक्क्यांत बळी मुले होती, असे युनिसेफने सांगितले. गोमाभोवतीच्या छावण्यांमधल्या निर्वासितांना बंडखोरांनी तिथून निघून जायला मुदत दिली ती ७२ तासांची. त्या छावण्यांतच दवाखाने होते, समुपदेशनाचे तंबू होते, २८ दिवसांचा औषधक्रम अर्ध्यावर असलेल्या बायका होत्या. पंधरा वर्षे ज्या नकाशावर कोणत्या केंद्रात कोणती सेवा मिळते याच्या खुणा केल्या जात होत्या, त्यातला गोमाभोवतालचा भाग एका आठवड्यात निरुपयोगी झाला.

पान्झी सुरू आहे, बंडखोरांच्या ताब्यातल्या शहरात. खेड्यांत ज्यांना ‘ऐकण्याची घरे’ म्हणतात ती छोटी ठिकाणे गावातल्याच बायका चालवतात. एक खोली, दोन बाके, दाराला पडदा. पीडितेचे ऐकून घ्यायचे आणि तिला हाताला धरून दवाखान्यापर्यंत न्यायचे, हे त्यांचे काम. गोमातल्या बैठकांत त्यांना क्वचितच खुर्ची मिळाली. दवाखान्यात खोके शिल्लक आहे का, हे त्या आता निघण्याआधी कोणाला तरी पाठवून विचारून घेतात.